भिंतीवर नसलेलं

"उणे सात," संघपाल तायडे म्हणाला आणि खुर्ची मागे सरकवून त्यानं आमच्याकडे पाहिलं. "दहातून तीन गेले तं आमच्या अकोल्यात सात उरते बाप्पा. तुमच्या इकडं काही येगळी रीत हाये काय?"

कुणी हसलं नाही. तायडे आदल्या संध्याकाळी अकोल्याहून एसटीत बसला होता, त्यांच्या कॉलेजचा संगणक टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन. सकाळी आमच्या लॅबच्या दारात पोचल्यावर चहासुद्धा न घेता त्यानं तो जोडायला काढला. पडद्यावर मी लिहिलेला सगळ्यांत सोपा प्रोग्रॅम होता: दहातून तीन वजा कर आणि दाखव. शेजारच्या आमच्या संगणकावर त्याचं उत्तर कितीतरी दिवस मुकाट सात येत होतं. तायडेच्या संगणकावर उणे सात.

तबस्सुम मुल्ला दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीनं बघत राहिली. नाबर मागच्या दारात उभा होता, तो तिथेच थिजला. आणि मी, का कोण जाणे, बाहेर व्हरांड्यातल्या गाद्यांकडे पाहिलं.

गाद्या कुस्तीच्या होत्या. आमचे होनप सर त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे हे काम आणि या खोल्या चालू ठेवायच्या की नाहीत, ते प्राचार्य सोमवारी स्वतः येऊन, बघून ठरवणार होते. खोल्यांवर क्रीडा विभागाचा डोळा होता. त्यांनी निकाल गृहीतच धरला आणि गाद्यांच्या गुंडाळ्या आणून आमच्या दाराशी रचल्या. रोज आत येताना त्यांना वळसा घालावा लागे. तबस्सुम म्हणायची, घरमालक जिवंत असताना वारस येऊन बसलेत.

काम काय होतं ते सांगायला हवं. आमच्या भागातल्या शाळांना तेव्हा कुठून कुठून संगणक दान मिळायचे. एक एका घराण्याचा, दुसरा दुसऱ्याचा; एकाला कळणाऱ्या आज्ञा दुसऱ्याला कळायच्या नाहीत. मुलांनी आपल्या शब्दांत प्रोग्रॅम लिहावेत म्हणून सरांनी 'पाटी' नावाची एक लहानशी भाषा तयार केली होती. त्यात 'दाखव', 'जर', 'पुन्हा' असले शब्द. पण ही पाटी प्रत्येक जातीच्या यंत्राला समजावून सांगायची, तर प्रत्येकासाठी निराळा भाषांतरकार लिहायला हवा. उद्या पाटीच्या जोडीला आणखी एक भाषा आली, की सगळ्या यंत्रांसाठी पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा, सर म्हणायचे, मधे एक भाषा ठेवा. वरच्या सगळ्या भाषा तिच्यात उतरतील, आणि खालचं प्रत्येक यंत्र तेवढी एकच शिकेल. सगळ्या जगाला पुरेल अशी मधली भाषा करायची धडपड मोठमोठ्या लोकांनी आमच्या जन्माआधीपासून केली होती आणि ती कधी पुरती जमली नव्हती, हेही त्यांनीच सांगितलं होतं. आपल्याला आपल्या शाळांपुरती जमली तरी पुष्कळ, एवढंच त्यांचं म्हणणं.

आमच्या तीन खोल्या एकामागे एक होत्या, मधे प्लायवूडच्या भिंती. सरांनी त्यांना घराची नावं दिली होती. पुढची ओसरी: तिथे मी बसायचे आणि पाटीचं मधल्या भाषेत रूपांतर करणारा भाग लिहायचे. मागचं परस: तिथे दत्तप्रसाद नाबर मधल्या भाषेचं आमच्या यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करायचा. आणि दोहोंच्या मधे माजघर. तिथे तबस्सुम. मधली भाषा तिच्या ताब्यात. तिचा एकेक नियम ती जाड कार्डावर ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावायची.

आणि लॅबचा एकच कायदा होता. ओसरीनं परसाशी कामाचं बोलायचं नाही. मला शंका आली, तबस्सुमला विचारायचं. नाबरला आली, त्यानंही तिलाच विचारायचं. ती ठरवणार, कार्ड लिहिणार, भिंतीवर लावणार. कुणी काही गृहीत धरून बोलू लागलं की सर खडूनं भिंतीकडे बोट करायचे. "भिंतीवर आहे का?" नसेल तर नाही, विषय संपला. त्याच भिंतीची एक नक्कल अकोल्याला गेली होती. तायडेनं आम्हाला कधी न बघता, न भेटता, नुसत्या त्या नकलेवरून त्यांच्या यंत्रासाठी परस लिहिलं होतं. ते परस आमच्या ओसरीला लागलं, तर मधली भाषा खरी. नाही लागलं, तर आम्ही आपल्या दोन खोल्यांमधला एक घरगुती जुगाड केला होता, एवढंच.

तायडेला भूक लागली असेल म्हणून तबस्सुमनं त्याला आपल्या डब्यातला खिमा-पाव दिला आणि मग भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. तिची भिंत होती ती. दर शुक्रवारी ती आम्हा दोघांना वेगवेगळं विचारायची, बाई गं, बाबा रे, मनात काही राहिलंय का, सांगा. आम्ही दोघंही नाही म्हणायचो. खोटं बोलत नव्हतो. खरंच काही राहिलंय असं वाटत नव्हतं.

सर आले. पांढरा हाफ शर्ट, खिशात खडू, तोंडात बडीशेप. त्यांनी दोन्ही पडदे पाहिले, तायडेला नाव-गाव विचारलं, प्रवास कसा झाला विचारलं. मग खुर्ची ओढून माजघराच्या मधोमध बसले.

"मगदूम," ते मला म्हणाले, "वजाबाकीचे दोन आकडे ओसरी कोणत्या क्रमानं पाठवते?"

"शेवटचा आधी, सर. तीन, मग दहा."

"भिंतीवर आहे?"

मी पाहिलं. नव्हतं. इतक्या दिवसांत ते सांगायची गोष्ट आहे असं माझ्या मनातच आलं नव्हतं. आकडे पाठवायचे तर शेवटून पाठवायचे, त्यात काय सांगायचं?

"तायडे, तुम्ही?"

"पयला आला तो पयला धरला, सर. कार्डावर काहीच नव्हतं, तं सरळ धरलं."

"बरोबर धरलंत. नाबर, तुमचं परस?"

नाबर दारातच होता. "शेवटचा आधी आलाय असं धरतो, सर."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

सरांनी बडीशेप चावायची थांबवली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. आवाज चढवला नाही, ते त्यांना यायचंच नाही. पण ते काय विचारणार ते मला कळलं होतं.

"तुम्हा दोघांचं कामाचं बोलणं झालं?"

नाही, मी म्हणाले. नाही, नाबर म्हणाला. आणि ते खरं होतं, अक्षरशः खरं. मी जयसिंगपूरहून डबा घेऊन यायचे, नाबर हॉस्टेलला राहायचा, तबस्सुमचं घर जवळच; दुपारी आम्ही तिघं कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर एकत्र जेवायचो. कामाचं बोलायला बंदी, मग उरलं काय? उरलेलं सगळं. त्याच्या वेंगुर्ल्याच्या घरामागचे माड, त्याची आई करते ती कुळथाची पिठी, माझी बहीण आणि तिनं न विचारता नेलेल्या माझ्या ओढण्या, तबस्सुमच्या अब्बांचं बेंजो पथक. नाबर कमी बोलायचा. ऐकायचा, आणि मधेच एखादं वाक्य असं सोडून द्यायचा की तबस्सुमला ठसका लागायचा. दोन आकड्यांचा क्रम तिथे कधी निघालाच नाही. शपथ घ्यायची असती तर घेतली असती.

तबस्सुमनं हळूच सुचवलं, सोमवारी प्राचार्यांना आपलंच यंत्र दाखवू. तिथे सात येतंच आहे.

सरांनी मान हलवली. "दोघांना एकमेकांचं कळतं, त्याला भाषा लागत नाही. भाषा तिसऱ्यासाठी असते. तो आज अकोल्याहून आलाय, आणि त्याला उणे सात मिळालं." मग ते नाबरकडे वळले. "तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला दिसतं आहे. पण तुम्हाला न सांगता कळलं कसं, हे मला हवंय. कारण एक कळलंय, तर आणखीही कळलं असणार, आणि ते सगळंच भिंतीवरून गायब असणार. आज दिवसभरात ते सापडलं नाही, तर सोमवारी मी प्राचार्यांना येऊ नका म्हणून सांगतो."

"अंदाज केला, सर."

"कशावरून?"

नाबरनं पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. तायडे पाव हातात धरून थांबला होता.

"मगदूम डबा उलटा उघडते," नाबर म्हणाला.

बोला, असं सरांच्या चेहऱ्यावर होतं.

"म्हणजे वरच्या कप्प्यातली भाजी-पोळी बाजूला ठेवते, आणि तळाच्या पुड्यातलं आधी खाते. दहीभात असो की शिरा. पुस्तक हातात घेतलं की शेवटच्या पानापासून चाळते. सामानाची यादी दिली तर खालून वाचत येते. मला पहिल्यांदा उत्तर उणे आलं, तेव्हा वाटलं, ही आकडेसुद्धा तळाकडूनच पाठवत असणार. तसं धरून बघितलं. सात आलं."

"तेव्हाच माजघराला विचारायचं होतंत."

"हो सर. पण विचारायची गरज वाटली नाही. मला माहीत होतं."

मी माझ्या डब्याकडे पाहिलं. तो खिडकीत होता, नेहमीसारखा, आणि पहिल्यांदाच मला तो कुणीतरी बघितलेल्या वस्तूसारखा दिसला. मी तळाचं आधी खाते, हे माझ्या आईनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मलाही धड माहीत नव्हतं.

"हे तं येगळंच प्रकरन हाये," तायडे पुटपुटला आणि उरलेला पाव त्यानं तोंडात घातला.

होनप सर मात्र कामाला लागले होते. माणूस असा की त्यांना त्यात चुकलेल्या नियमाखेरीज काही दिसलंच नाही, की दिसून त्यांनी दिसू दिलं नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी तबस्सुमपुढे कोरी कार्डं ठेवली. "नाबर, इथे बसा. मगदूमबद्दल तुम्ही जे जे धरून चालला आहात, ते सगळं हिला सांगा. काय गाळायचं ते ती ठरवेल. मगदूम, तुम्ही ओसरीवर. मधे बोलायचं नाही."

तर मी ओसरीवर जाऊन बसले, आणि प्लायवूडपलीकडे एक मुलगा माझ्याबद्दल त्याला काय काय माहीत आहे ते एका मुलीला सांगू लागला. तबस्सुमनं मोठ्यानं एकच प्रश्न विचारला: सगळं म्हणजे सगळं? मग तिला हसू अनावर झालं, मग ती गंभीर झाली, मग नुसता स्केचपेनचा कर्र कर्र आवाज. पडद्यावरची अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी त्यांतलं एकही वाचत नव्हते.

पहिलं कार्ड क्रमाचं झालं.

दुसऱ्याला वेळ लागला. नाबर सांगत होता, मागे त्याच्या आईनं डबा भरून गोड खाजं पाठवलं होतं. त्यानं ते आम्हाला वाटलं, आणि मी डबा घरी नेऊन घासून परत आणला. "त्यात साखर होती," तो म्हणाला. "मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, भांडं कधी रिकामं परत करू नये. चमचाभर का होईना, काहीतरी घालावं. तेव्हापासून मी धरून चाललो, ही यंत्राच्या मेमरीत नवीन जागा मागून घेते तेव्हा ती तशीच मोकळी सोडत नसणार. आधी शून्य भरून ठेवत असणार. म्हणून मी माझ्याकडून पुसून घेत नाही."

मी भरतच होते. न चुकता. कुणी सांगितलं होतं म्हणून नव्हे. रिकामी जागा तशी सोडणं मला अपशकुनी वाटायचं. पण उद्या एखादी दुसरी ओसरी आली आणि तिला ही रीत नसली, तर नाबरच्या परसात जुना कचरा तसाच राहणार, आणि दोष कुणाचा ते कुणालाच कळणार नाही. तबस्सुमनं लिहिलं: नवी जागा ओसरीनं शून्य भरूनच द्यावी. सर म्हणाले, ठळक करा.

तिसऱ्या कार्डाच्या वेळी त्याचा आवाज खाली गेला. मी कान प्लायवूडला लावला. लावला, झालं.

"ती निघताना जाते म्हणत नाही," नाबर म्हणाला. "येते म्हणते. बस पकडायला पळत असली तरी वळून म्हणते. म्हणून मला वाटलं, तिचा प्रोग्रॅम संपला तरी तो थांब म्हणणार नाही, परत यायला बघेल. मी त्याच्यासाठी परत यायला एक जागा करून ठेवली आहे."

तबस्सुमनं लिहिलं: संपलेला प्रोग्रॅम परत येतो; परसानं त्याला जागा ठेवावी. तिकडून तायडेची खुर्ची वाजली. तो उठून आपल्या यंत्राकडे गेला होता. सकाळपासून त्याला आणखी एक कोडं पडलं होतं: उत्तर दाखवून झालं की त्याचं यंत्र गोठायचं, बंद करून पुन्हा चालू करावं लागायचं. त्याला वाटत होतं, प्रवासात कुठेतरी धक्का लागला. "आता समजलं," तो म्हणाला. "माह्या यंत्रात परतायले जागाच नाही. थे बिचारं दारातच उभं राहते."

दुपार त्यातच गेली. माझ्या ओसरीतली एक ओळही बदलावी लागली नाही. तायडेनं परसात नाबरशेजारी बसून आपलं परस नव्या कार्डांप्रमाणे नीट केलं. सरांनी त्या दोघांनाही कामाचं बोलायला बंदी केली होती, म्हणून तायडे त्याला अकोल्याच्या उन्हाळ्याचं वर्णन सांगत होता. उन्हं कलली तेव्हा आम्ही सगळे त्याच्या पडद्यामागे उभे राहिलो. मी बटण दाबलं.

सात. आणि यंत्र गोठलं नाही. नव्या आज्ञेची वाट बघत शांत उभं राहिलं.

तबस्सुमनं तोंडावर ओढणी धरली. सरांनी खडू खिशातून काढला, पुन्हा खिशात ठेवला, आणि तायडेला म्हणाले, आता चहा घ्या.

त्या संध्याकाळी नाबर स्टँडपर्यंत आला. तसा तो कधी यायचा नाही. स्टँड जवळ आल्यावर मीच म्हणाले, "माझं सगळं लिहून दिलंस."

"भिंतीला लागत होतं म्हणून."

"नसतं लागलं तर?"

त्यानं विचार केला. तो खरंच विचार करून उत्तर द्यायचा, आजही देतो. "तर माझ्याकडेच राहिलं असतं."

बस लागली. मी पायरीवर चढले, आणि तोंडात आलेला शब्द ओठांवरच अडला. आजवर कितीदा तो नकळत म्हटला होता. आता तो भिंतीवर होता. मागची बाई पुढे ढकलायला लागली, कंडक्टर ओरडला, आणि मी वळून म्हणाले, "येते."

"माहीत आहे," नाबर म्हणाला.

सोमवारी प्राचार्य आले. त्यांना मधल्या भाषेत फारसा रस नव्हता. पण एकाच ओसरीतून दोन निराळ्या यंत्रांवर सात उमटलेलं पाहिल्यावर ते तायडेला म्हणाले, तुम्ही इथे किती दिवस होतात? परवाच आलो, तो म्हणाला, याआधी या लोकायले कधी पाह्यलंबी नव्हतं. त्यावर प्राचार्य थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिले. जाताना शिपायाला एवढंच म्हणाले, या गाद्या इथून हलवा, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होते. पुढच्या वर्षी नव्या मुलांनी तिसरं परस लिहिलं, नंतर एक दुसरी ओसरीही आली. सर निवृत्त झाल्यावरही अधूनमधून यायचे, आणि आत शिरताच आधी भिंत वाचायचे.

आमच्या लग्नात तबस्सुम सगळ्यांना सांगत फिरत होती, यांनी एकदा जरी नियम मोडला असता ना, आकड्यांचं बोलून मोकळे झाले असते. आज आपण जेवायला आलो नसतो.

आमची लेक मैना झाल्यापासून नाबर बडबड्या झालाय. ज्या माणसाच्या तोंडून शब्द काढायला माझ्या सासूबाईंना देवापुढे नारळ ठेवावा लागायचा, तो आता सकाळी उठल्यापासून तिला सगळं सांगत असतो. हे दूध. हे गरम आहे. बाबा आता जाणार, दिवे लागले की परत येणार. आम्ही दोघं एकमेकांत अर्ध्या वाक्यावर थांबतो, डोळ्यांवर भागवतो. तिच्याशी बोलताना मात्र तो काही म्हणता काही गृहीत धरत नाही. मी त्याला यावरून चिडवते. तो म्हणतो, ती नवीन आहे.

परवा संध्याकाळी तो ऑफिसातून आला. मैना दुडदुडत दारात गेली, त्याच्या पिशवीतून तिनं ओढून डबा काढला आणि बसली जमिनीवर मांडी घालून. बराच वेळ खुडबुड चालली होती. मग दोन्ही हातांनी तो पोटाशी धरून स्वयंपाकघरात मला आणून दिला. मी घासायला म्हणून उघडला. वरचे पुडे रिकामे होते. तळाच्या पुड्यात तिचा एक मोजा होता, पिवळा, पायातून नुकताच काढलेला.

मी नाबरला हाक मारली. तो आला, डब्यात बघितलं, मग तिच्या एका उघड्या पायाकडे. साखर घालून शेजारी परत जाणारी भांडी ती ओट्याखाली बसून रोज बघत असते; पण हे तिला आम्हा दोघांपैकी कुणी कधीच सांगितलं नव्हतं.

"भिंतीवर आहे का?" त्यानं विचारलं.

मैना हात पुढे करून उभी होती, रिकामा पुडा परत मिळायची वाट बघत. मी त्यात शेंगदाणे घातले.